मळहात

हेमंत ओगले यांनी यंत्राच्या दोन्ही भुजा हवेत स्थिर असल्याची खात्री केली, पडद्यावरचा आकडा शून्यावर आणला, आणि मगच आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "केतकी, ये गं. तयार आहे."

"पाच मिनिटं थांबा ना बाबा. आत्ताच कुठे डोळा लागतोय त्याचा."

ओगले सर थांबले. थांबणे त्यांच्या स्वभावात होते. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे मापनशास्त्र शिकवलेला माणूस. उपकरण स्थिरावल्याशिवाय वाचन घ्यायचे नाही, हे त्यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठासून बसवले होते. निवृत्तीनंतर इचलकरंजीतल्या या घरात त्यांनी मापले नाही असे फारसे काही उरले नव्हते.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. पोट फाडून मूल काढावे लागले, त्याला आज बारा दिवस झाले होते. टाके निघाले तसे नवव्या दिवसापासून तिच्या पाठीला आणि पायांना मालीश सुरू झाली होती. पूर्वी हे काम गल्लीतल्या मालीशवाल्या बाया करीत. सव्वा महिना सकाळी येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालीत. आता त्या बाया दिवा घेऊन शोधाव्या लागत. त्यांच्या जागी ‘करतल’ आले होते.

करतल म्हणजे एक अरुंद खाट आणि तिच्या दोन बाजूंना दोन भुजा. भुजांच्या टोकाला मऊ, उबदार पंजे. ते यंत्र पाच प्रकारची मालीश जाणत असे. अंगभर कोमट तेल जिरवीत लांब, संथ हात फिरवणारे अभ्यंग: त्याने झोप लागे, कातडी मऊ राही. तालमीतला रगडा: स्नायूच्या पोटात शिरून गाठी फोडणारा, उभ्याने राबणाऱ्या माणसांना मानवणारा. ठरावीक बिंदूंवर अंगठ्याने दाब देणारी जपानी पद्धत, डोकेदुखीवर आणि आखडलेल्या मानेवर. पिसासारख्या हलक्या हाताने सूज हृदयाकडे सरकवणारी पद्धत, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. आणि पाचवी, बाळंतिणीची. करतल चालवणारी कंपनी केतकीच्या नवऱ्याची, सारंगची. यंत्राच्या पंजांना हे सारे शिकवणारा हातमोजा मात्र ओगले सरांनी बनवला होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन्ही हातांच्या मोज्यांच्या तळव्यांवर त्यांनी प्रत्येकी चौसष्ट संवेदक बसवले. तळहाताचा कोणता भाग किती जोराने दाबतो, कातडीला कोणत्या दिशेला ओढतो, हे ते संवेदक सेकंदाला दोनशे वेळा टिपत. निरनिराळ्या पद्धतींचे जाणकार हात मोजा घालून काम करीत आणि त्यांची कला आकड्यांच्या रूपाने साठत जाई. तापमान टिपायचा विचारही झाला होता, पण मालीशीचे तेल गरम असते, त्यामुळे वाचन बिघडते. म्हणून ते संवेदक सरांनी काढून टाकले. पुढे यंत्र त्या आकड्यांवरून शिकले. स्नायू मऊ लागला तर दाब हलका, ताठर लागला तर दाब अधिक आणि हात जास्त वेळ. बाळंतिणीच्या मालीशीचे सारे आकडे एकाच बाईंच्या हातांचे होते.

त्याच बाई आत्ता दारात उभ्या होत्या.

"काय ओ सर, वळख इसरला न्हवं?"

"मालनताई! या, या. अहो, तुमची ओळख विसरून कसं चालेल? तुमचे हात सात हजार घरांत फिरताहेत."

"हात फिरत्यात, मी हाय हितंच," मालन गुरव हसल्या. साठी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद मनगटांची बाई. पिशवीतून त्यांनी पिवळे झबले आणि टोपडे काढून ओगलेवहिनींच्या हाती दिले. "वैनी, बारशाला मी गावाला असनार. म्हटलं, नातवाला आदीच बघून यावं. कुठाय कारभारी?"

वृंदावहिनी बाळ घेऊन आल्या. मालनताईंनी ते सराईतपणे पालथ्या मांडीवर घेतले. "नाक आजीचं उचललंय बगा. कपाळ मातर सरांचं. आता ह्यो बी सगळं मोजत बसनार."

सगळे हसले. तेवढ्यात केतकी भिंतीला हात टेकत बाहेर आली. पाऊल जपून टाकत होती.

"लंगडतीस का गं?" मालनताईंनी विचारले.

"डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं होतंय मावशी. चार दिवस झाले. पडून राहिल्यामुळे असेल. करतल त्यालाच रोज जास्त रगडतंय, डोळ्यांत पाणी येतं अगदी. पण दुखल्याशिवाय मालीश लागू होत नाही म्हणतात ना."

"कोन म्हनतं?"

"सगळेच म्हणतात."

मालनताईंनी बाळ वहिनींच्या हातात परत दिले. केतकीला खाटेवर बसवून तिचे पाय लांब करायला लावले. मग आपला उजवा हात त्यांनी उलटा केला आणि बोटांची पाठ आधी उजव्या पोटरीवर, मग डाव्या पोटरीवर टेकवली. पुन्हा उजवीवर. पुन्हा डावीवर, या खेपेला बराच वेळ.

"सर, मशीन लावू नगा."

"का? काय झालं?"

"ह्यो पाय तापलाय. त्यो गार हाय. बाळंतिनीचा येकच पाय तापला आन् दुखाया लागला, की त्याला हात लावायचा न्हाई. माज्या सासूनं पयल्या दिवशी शिकिवलंय. तिच्या डोळ्यादेखत येक पोरगी गेलीय, पोटरी चोळता चोळता. छातीत कळ आली आन् मान टाकली. तवापासनं आमच्यात आदी मळहातानं बघत्यात, मग त्याल."

"मळहातानं?"

"ही हाताची मागची बाजू. तळहाताला घट्टं पडल्यात, त्याला काय कळतंय? मळहात खोटं बोलत न्हाई."

ओगले सरांनी खिशातली मापनपट्टी काढली. तो खिसा आणि ती पट्टी यांची ताटातूट कधी होत नसे. गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर त्यांनी दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. उजवी चौतीस पूर्णांक एक. डावी सदतीस पूर्णांक सहा.

त्यांनी पुन्हा मोजले. आकडा तोच आला.

"वृंदा, डॉक्टर मुल्लांना फोन लाव. म्हणावं, आम्ही निघालोच. केतकी, तू उठू नकोस. चालायचं अजिबात नाही."

"बाबा, तुम्ही घाबरवू नका हं मला."

"घाबरवत नाही," असे ते म्हणाले; पण पट्टी न गुंडाळताच त्यांनी ती खिशात कोंबली.

*

डॉक्टर शबाना मुल्ला यांनी केतकीला तपासून तडक सोनोग्राफीच्या खोलीत नेले. बाळाला सांभाळण्यासाठी वहिनी आत थांबल्या. बाहेरच्या बाकावर ओगले सर आणि मालनताई असे दोघेच उरले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

बाळंतपणानंतरचे काही आठवडे स्त्रीचे रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठते. रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानेच केलेली ती सोय आहे. पण पोट फाडलेले असेल आणि बाई पडून असेल, तर पायाच्या खोलातल्या शिरेत रक्ताची गुठळी धरू शकते. पाय सुजतो, तापतो, ताठरतो. ती गुठळी सुटली तर रक्ताबरोबर थेट फुप्फुसात जाऊन अडकते. हे सारे ओगले सरांनी गाडीत बसल्या बसल्या वाचून काढले होते. त्यातला एक शब्द त्यांच्या मनातून हलत नव्हता: ताठरतो. यंत्राला ताठर स्नायू थकलेला वाटतो. ज्या पायाला स्पर्शही करू नये, तोच पाय ते सर्वांत जोराने आणि सर्वांत जास्त वेळ दाबते. तीन दिवस त्याने केतकीचा पाय दाबला होता. शून्य लावून द्यायला ते स्वतः जवळ उभे होते.

"मालनताई, नोंदी घेताना दर वेळी तुम्ही हे मळहाताचं बघत होता?"

"दर येळी."

"मग मला दिसलं कसं नाही?"

"मोजा घालायच्या आदी बघत हुते न्हवं. तुमीच म्हनला हुता, मोजा चढवल्यावर शून्य घेईस्तवर कशाला हात लावायचा न्हाई. म्हनून मी बाईला पडद्याआड निजवायची, तितंच बघायची, मग भाईर येऊन मोजा घालायची."

"आणि पाय गरम लागला तर?"

"तर कशाला मोजा घालतीय? लावून द्यायची दवाखान्यात. तुमाला सांगायची की, ही बाई आज न्हाई."

ओगले सरांनी पिशवीतून संगणकाची पाटी काढून तिच्यावर जुन्या नोंदवह्या उघडल्या. त्यांच्या नोंदी चोख असत. बाळंतिणीच्या मालीशीची सत्रे सहाशे वीस ठरली होती. पूर्ण झाली सहाशे अकरा. रद्द नऊ. नऊंपुढे त्यांच्याच हाताने एकच शेरा होता: व्यक्ती उपलब्ध नाही.

"कबनूरच्या एक शिक्षिका होत्या. मार्चमधल्या."

"व्हय. मास्तरीनबाई. उजवा पाय. आठ दिवस दवाखान्यात हुत्या, मग पेढं घेऊन आल्या."

"आणि या यड्रावच्या?"

"ती तापानं फनफनली हुती. तिचं यगळं. पर बाकीच्या आठ जनी पायाच्याच."

त्यांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली. चूक गणिताची नव्हती, संवेदकांची नव्हती. जे पाय चोळायचे नव्हते ते नोंदीपर्यंत पोचलेच नाहीत, आणि नोंदीत नसलेली गोष्ट यंत्राच्या दृष्टीने जगातच नसते. कसे करावे, हे करतलला सहाशे अकरा वेळा शिकवले गेले. केव्हा करू नये, हे एकदाही नाही. आणि सत्र का रद्द झाले, एवढे विचारायला पुरे एक मिनिट लागले नसते.

"मी सांगाया पायजे हुतं," मालनताई खाली मान घालून म्हणाल्या. "पर मला वाटलं, तुमाला ठावं असनार. येवढी शिकलेली मानसं."

"आणि मला वाटलं, मी सगळं टिपलंय."

दार उघडले. डॉक्टर मुल्ला बाहेर आल्या.

"सर, बसा. बसून ऐका. गुठळी आहे. पोटरीपासून गुडघ्यामागून मांडीपर्यंत गेलेली आहे. सध्या जागेवर आहे, फुप्फुसाच्या तपासणीत काही दिसत नाही. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलंय. अठ्ठेचाळीस तास आम्ही तिला नजरेआड करणार नाही."

"म्हणजे धोका टळला?"

"तसं मी आज म्हणणार नाही. एवढंच सांगते: आज दुपारची मालीश झाली असती, तर आपण वेगळ्या खोलीत बोलत असतो." मग त्या मालनताईंकडे वळल्या. "तुम्ही ओळखलंत? हात लावून? प्रत्येक गुठळीचा पाय तापतोच असं नाही हं. पण तापला तर त्याच्याकडे कुणी काणाडोळा करू नये."

"आमी कुटं काय करतोय डाक्टरबाई. आमी निस्तं थांबतोय."

*

सारंगची गाडी पुण्याहून निघाली होती. तो फोनवर होता. केतकीचे सगळे त्याने दोनदा विचारून घेतले. ओगले सरांनी दोन्ही वेळा शब्दही न बदलता सांगितले. मग ते म्हणाले, "सारंगराव, आता दुसरी गोष्ट. आज किती घरांत बाळंतिणीची मालीश चालू आहे?"

पलीकडे गाडीचा वेग उतरल्याचा आवाज आला.

"बाराशेच्या आसपास. बाबा, मला कळतंय तुम्ही कुठे चाललात. मी कार्यालयाला सांगतो. पंजात तापमानाचे संवेदक बसवू, दोन्ही पायांची तुलना करायला शिकवू. चाचण्यांसह पंधरा दिवसांत होईल."

"आणि पंधरा दिवस?"

"सगळ्यांना सूचना पाठवू ना. पाय दुखत असेल तर वापरू नका म्हणून."

"केतकीने वापरलंच असतं. दुखल्याशिवाय मालीश लागत नाही, असं ती म्हणाली. तिच्या नवऱ्याने यंत्र बनवलंय, बापाने मोजा बनवलाय, तरी म्हणाली. बाकीच्या बाराशे जणींना कोण आहे?"

"फक्त पोटरीवरचा हात बंद करता येत नाही. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणूनच प्रमाणपत्र काढून घेणार आहे."

अंगाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्रामागे एका तांत्रिक परीक्षकाची सही असावी, असा नियम तोवर झाला होता. परीक्षकाने सही मागे घेतली की त्या जातीची सारी यंत्रे जिथल्या तिथे थांबत, आणि पडद्यावर परीक्षकाचे नाव व फोन क्रमांक झळके. करतलच्या सुरक्षा-प्रमाणपत्रावर सही होती हेमंत ओगले यांची.

"बाबा, नीट ऐका," सारंगचा आवाज एकाएकी थंड झाला. "सात हजार यंत्रं आहेत. त्यांतली चार हजार अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांकडे आहेत. त्यांच्या पायाची सूज रोज उतरवतंय कोण? त्यांच्या पाठीला जखमा होऊ देत नाही कोण? त्यांना हात लावणारं दुसरं कुणी नाही. एका चुकीपायी तुम्ही चार हजार माणसांच्या अंगावरचा हात काढून घेणार?"

हा प्रश्न खोटा नव्हता. ओगले सरांनी ते अहवाल स्वतः तपासले होते. लकव्याने पडलेल्या लोकांची झोप दोन तासांनी वाढली होती, दुखण्याच्या गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या. ते आकडे खरे होते, आणि सरांना त्यांचा अभिमान होता.

"ती माणसं पंधरा दिवस मालीशीवाचून राहतील," ते हळूहळू म्हणाले, "आणि जगतील. म्हाताऱ्यांच्या पायांतही गुठळ्या होतात, सारंगराव. त्यांना कोणी मळहाताने पाहिलंय?"

"कंपनी बुडेल. केतकी बरी होऊन घरी येईल, तेव्हा तिला काय सांगू? तुझ्या वडिलांनी..."

"जे घडलं तेच सांगा. आधी मी चुकलो, मग मी थांबवलं. दोन्ही सांगा."

"तुम्हाला एकाएकी एवढी घाई कशाची आहे? निदान मी पोचेपर्यंत थांबा!"

सरांनी घड्याळाकडे पाहिले. चारला आठ कमी. वापराचे आलेख त्यांना तोंडपाठ होते: दुपारची झोप झाली की चार ते सहा या वेळात घरोघर यंत्रे चालू होत. आयुष्यभर थांबत आलेल्या त्या माणसाला आता थांबवेना.

"तुम्ही सावकाश गाडी चालवा," एवढे बोलून त्यांनी फोन बंद केला.

पाटीवर अर्ज उघडला. कारणाच्या रकान्यात त्यांनी दोन वाक्ये लिहिली, अंगठा टेकवला. पाटीने विचारले, नक्की का? त्यांनी पुन्हा अंगठा टेकवला. या खेपेला तो ओला होता. पुसून टेकवावा लागला.

*

पहिला फोन चारला दोन मिनिटे असताना आला. विट्याचे कुणी वस्त्रव्यावसायिक होते.

"ओगले तुम्हीच का? अहो, माझ्या आईचा उजवा पाय झाला आणि हे मशीन हात वर करून उभं राहिलंय चोरासारखं! माणूस असता तर अर्धं अंग सोडून गेला असता का?"

"चांगला असता तर गेला असता," ओगले सर म्हणाले. "आईंचे दोन्ही पाय मी सांगतो तसे बघा."

त्या आईचे पाय सारखेच गार निघाले. दुसरा फोन नागपूरचा, तिसरा चिपळूणचा. चौथीने तर ऐकून न घेता शिव्याच घातल्या. वहिनी आतून येऊन सांगून गेल्या की केतकीला झोप लागली आहे, नाडी ठीक आहे. सरांनी नुसती मान हलवली. घसा सुकला तेव्हा मालनताईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला. "मी बोलते, तुमी पानी प्या. आवं बाई, तळहात न्हवं, मागची बाजू! लेकराचा ताप बगताय न्हवं, तसं!"

सारंगचा फोन पुन्हा आला नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी बार्शीहून एका तरुणाचा फोन आला. त्याची बायको बाळंत होऊन सतरा दिवस झाले होते. यंत्र सुरू करायच्या बेतात असतानाच बंद पडले, असे तो सांगत होता. पाय दुखतोय का, असे सरांनी विचारले. थोडा दुखतो, तो म्हणाला, पण ते चालायचंच.

"तुमचा हात पालथा करा," ओगले सर म्हणाले. "बोटांची पाठ. तेल लागलेलं असेल तर आधी पुसून घ्या. आता उजव्या पोटरीवर टेकवा. घाई नको. दहापर्यंत मोजा."

"टेकवला. गार आहे."

"आता डावी."

पलीकडे तान्ह्याचे रडणे ऐकू येत होते, आणि कोणीतरी त्याला थोपटत होते. दहा केव्हाच होऊन गेले होते. मालनताई सरांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिल्या.

"सर," शेवटी तो म्हणाला, "ही तापलीय हो."

ओगले सर बाकावरून उठून उभे राहिले.

"चोळू नका. तिला चालवूही नका, उचलून घ्या. गाडी अगदी दारापर्यंत आणा आणि जवळचा मोठा दवाखाना गाठा. बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या. निघा. मी फोन ठेवत नाही."